बारा नंबरच्या महानंदा मॅडम

महानंदा मॅडमनी मला ठेवून घेतलं, हे सगळ्यात आधी लिहिते. काय घडलं, कुणाचं चुकलं, मी दोन दिवस तोंड शिवून का बसले, ते मागाहून येईलच. पण आधी हे. सोलापुरात मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं तेव्हा या बाईनं मला फाटकातून आत घेतलं.

आत घेतलं ते शिवी देऊन, असं मात्र मला पुढचे तीन दिवस वाटत होतं.

त्याचं असं झालं. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. नवरा रस्त्याच्या कंत्राटदाराकडे रोलर चालवतो, म्हणजे रस्ता जाईल तिकडे आमचं बिऱ्हाड. अक्कलकोट रस्त्याचं काम निघालं तेव्हा कुंभारीत खोली घेतली. रस्ता संपला, रोलर कर्नाटकात गेला, रोलरच्या मागे नवरा गेला. मी नाही गेले. दर सहा महिन्यांनी चूल उचलून माझा जीव विटला होता. काम शोधत हिंडताना एका दुपारी एका बैठ्या इमारतीच्या पायरीवर टेकले. ती शेतकऱ्यांच्या एका संस्थेची प्रयोगशाळा होती. मातीतले जिवाणू वाढवून बाटलीत भरायचे, शेतकऱ्यानं ते बियाण्याला चोळायचे, असं तिथलं काम. मला तेव्हा यातलं काय ठाऊक. आतून पांढऱ्या कोटातली एक उंच, हडकुळी बाई आली. कपाळावर विभूतीची तीन बोटं. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊट आयता?"

मला ऐकू आलं, "ऊठ, आयते."

मी ताडकन उठले. म्हटलं, बाई, मी आयतं खायला नाही आले, काम मागायला आले. नववी शिकलेली आहे. आणि पायरीवर बसलं तर पायरी झिजत नाही. एवढं बोलून मलाच भीती वाटली. बाई चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. (मॅडमना हसू आलं की त्या चष्मा पुसतात, हे मला वर्षभरानं कळलं.) मग आत जाऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. नंतर विचारलं, हातून काचा फुटतात का? मी सांगितलं, अजून तरी नाही. "मग उद्यापासून ये की," म्हणाल्या.

'ऊट आयता' म्हणजे कानडीत 'जेवण झालं का', हे मला तिथल्या शिपाईमामांनी चौथ्या दिवशी सांगितलं. तोवर मी रोज सकाळी ती शिवी खाली मान घालून ऐकून घेत होते.

आता गंमत अशी, की हाच प्रश्न मॅडम जिवाणूंनाही विचारतात. सकाळी आल्या आल्या उबेचं कपाट उघडायचं, काचेच्या बश्यांच्या चवडीसमोर वाकायचं आणि विचारायचं, "ऊट आयता?" मग जिवाणूंच्या वतीनं स्वतःच उत्तर द्यायचं, "इल्ला." म्हणजे नाही. आणि समाधानानं दार लावायचं. माणसानं 'इल्ला' म्हटलं तर मॅडमचा पारा चढतो, समोर डबा उघडून बसवतात. जिवाणू मात्र उपाशी असलेलेच त्यांना आवडतात.

त्याचं कारण त्या येईल त्याला सांगतात. करकंबचा शेतकरी आला तर त्याला, वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला तर त्याला. आपल्या सोलापूरच्या जमिनीत चुनखडी फार. शेतकरी खत टाकतो, त्यातलं स्फुरद चुन्याच्या मिठीत अडकतं आणि पिकाला मिळत नाही. अन्न आहे, पण कुलपात आहे. मातीतल्या काही जिवाणूंकडे त्या कुलपाची किल्ली असते. स्फुरदावाचून त्यांची उपासमार झाली की ते साखरेचं आम्ल करतात, ते अंगाबाहेर सोडतात, चुना विरघळतो, स्फुरद सुटं होतं. त्यांचं पोट भरून उरलेलं पिकाला. पण स्फुरद समोर आयतं वाढून ठेवलं तर? तर हे शहाणे किल्ली खिशात घालून बसतात.

"आयतं मिळालं की आम्ल आटलं," मॅडम म्हणतात. हे त्यांचं वाक्य. ते त्या कशालाही लावतात. शिपाईमामांच्या मुलाला सासऱ्यानं मोटारसायकल दिली आणि तो कामावर जाईना, तर आम्ल आटलं. मांजराला दूध मिळायला लागलं आणि कोठारात उंदीर झाले, तर आम्ल आटलं.

मॅडम इंग्रजी शब्द तोंडात येऊ देत नाहीत. शिकल्या इंग्रजीत, पण म्हणतात, शेतकऱ्याला सांगायचं तर शेतकऱ्याच्या तोंडात बसेल असं सांगावं. नत्र, स्फुरद, पालाश. बशीत दुधासारखी पांढरी खीर ओतून गोठवतात, त्यात कोंडलेलं स्फुरद असतं. तिच्यावर जिवाणूचा ठिपका दिला की तीन-चार दिवसांत ठिपक्याभोवतीचं पांढरं विरघळून काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडतं. त्याला मॅडम खळं म्हणतात. चंद्राला पडतं तसं. मला हे कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मावलं, जा, बारा नंबरला खळं पडलंय का बघून ये. आमच्याकडे खळं म्हणजे मळणीचं. मी इमारतीला दोन फेऱ्या घातल्या, मागचं शेत पालथं घातलं, आणि येऊन सांगितलं, मॅडम, बारा नंबरचं काही दिसलं नाही, पण सोळा नंबरच्या खांबापाशी कडब्याची गंजी आहे. त्या दिवशी चष्मा फार वेळ पुसला गेला.

बारा नंबर हा जिवाणू. मॅडमना बावीस वर्षांपूर्वी कुठल्याशा तुरीच्या मुळाशी सापडलेला, आणि सगळ्यांत मोठं खळं पाडणारा. त्याला त्या एकेरी बोलत नाहीत. "ते कसे हायत आज?" असं विचारतात. उन्हाळ्यात वीज गेली की मी घामानं निथळत असते, आणि मॅडम पंखा घेऊन कपाटाला वारा घालतात. माझा जीव जळायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यावर कुणी जळतं का, असं तुम्ही म्हणाल. मी जळायची. मला ताप आला तेव्हा त्यांनी गोळी दिली, हात कपाळाला लावला नाही. बारा नंबरच्या कपाटाचं तापमान मात्र दिवसातून सहा वेळा बघतात.

माझं काम काच धुण्याचं. बश्या, चंबू, नळ्या. धुण्याची पद्धत मॅडमनी घालून दिलेली: आधी त्या देतील तेच पातळ द्रावण, मग आम्लाचं आंबट पाणी, मग तीनदा स्वच्छ पाणी. पहिल्या दिवशी बजावलं होतं, काचेला स्फुरद लागता कामा नये, लागलं तर त्यांना आयतं मिळेल. तो नियम मी देवाच्या सोवळ्यासारखा पाळला. खताचं पोतं खांद्यावर घेतलेला माणूस मी मोरीजवळ फिरकू दिला नाही. एका म्हाताऱ्याला तर चपला काढायला लावल्या.

चार वर्षं अशी गेली आणि अश्विनी आली.

अश्विनी टेंभुर्णीची. एमएस्सी करते, सहा महिने कामाचा अनुभव घ्यायला आलेली. तिच्यात काही खोट असती तर बरं झालं असतं. पोरगी गुणी, मला कुसुमताई म्हणायची, डब्यातली शेंगपोळी अर्धी काढून द्यायची. आणि मॅडम तिला 'पुट्टी' म्हणायच्या. कानडीत लाडानं लहान मुलीला म्हणतात. मला चार वर्षांत नुसतं 'कुसुम'. बारा नंबरच्या नळीला मॅडमशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम होता. दुसऱ्या महिन्यात अश्विनीनं हात लावला. मी मोरीपाशी उभी राहून बघितलं. माझ्या हातात चंबू होता, तो मी तीनदा धुतला.

एकदा अश्विनीनं एक चंबू उजेडात धरला आणि अगदी हळू म्हणाली, ताई, थोडे डाग राहिलेत का बघा ना. आमच्या बोअरचं पाणी जड, पांढरे डाग राहतातच. पण मॅडम तिथेच होत्या. त्यांनीही वर बघितलं. मला वाटलं, झालं, आता या म्हणतील, हिला धुताही येत नाही, जा बाई तुझ्या यवतमाळला.

संध्याकाळी कुंभारीच्या दुकानातून कपडे धुण्याची चांगली जहाल पावडर आणली. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या द्रावणाऐवजी सगळी काच तिच्यात भिजत घातली. काय काच निघाली म्हणता. मॅडमनी चंबू हातात घेऊन खिडकीकडे धरला. "काच हाय का न्हाय तेच कळंना की गं," म्हणाल्या. चार वर्षांतलं पहिलं कौतुक. मी अश्विनीकडे बघितलं, तिनं बघितलं का ते. मग आंबट पाणीही सोडून दिलं. ते बोटांच्या चिरांत झोंबायचं, आणि आता आणखी काय चकाकायचं राहिलं होतं?

पुढच्या आठवड्यात बारा नंबरला खळं पडलं नाही.

मॅडमनी नव्या बश्या ओतल्या, मी धुऊन ठेवलेले दुसरे चंबू घेतले. ठिपके आले, चांगले गुबगुबीत आले. भोवती पांढरं ते पांढरंच. जिवाणू जगतोय, खातोय, पण आम्ल सोडत नाही. मॅडम सकाळी कपाट उघडायच्या आणि काहीच न विचारता बंद करायच्या.

वेळ वाईट होती. महिनाअखेर मॅडम निवृत्त होणार होत्या. पेरणीच्या आधी बाटल्या भरायच्या होत्या. संस्थेच्या मॅनेजर साहेबांना तसंही पुण्याहून तयार जिवाणू आणायचा होता, त्यांना निमित्त मिळालं. सोमवारपर्यंत खळं दिसलं नाही तर बारा नंबर बंद, असं त्यांनी सांगितलं. बंद म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरात घालून मारून टाकायचा. बावीस वर्षं एका शिट्टीत. आणि जाता जाता म्हणाले, इतकी वर्षं चाललं होतं, नवी पोरगी आली आणि बिघडलं. तिच्या दाखल्यावर मी सही करणार नाही.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. अश्विनी कोठारात जाऊन रडली, मग मला विचारायला आली, कुसुमताई, माझं काय चुकलं असेल? मी म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला माहीत.

शुक्रवारी दुपारी ती मॅनेजर साहेबांना समजावत होती. मी मोरीपाशी. ती म्हणाली, सर, कुठून तरी ह्यांना फॉस्फेट मिळतंय. साहेब म्हणाले, मराठीत सांग. "फॉस्फेट म्हणजे आपलं स्फुरद हो सर," अश्विनी म्हणाली, "मॅडम म्हणतात ते."

मी चार वर्षं स्फुरद स्फुरद ऐकत होते. त्याला दुसरं नाव असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मोरीखाली पावडरचा पुडा होता. तो उलटा केला. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत काय काय घातलंय ते छापलं होतं. मी बोट ठेवून वाचत गेले, आणि चौथ्या ओळीत तो शब्द सापडला.

मी पुडा पदराखाली धरला आणि घरी गेले. शनिवारी ताप आल्याचं कळवलं. काय करणार होते? सांगितलं तर नोकरी गेली. नाही सांगितलं तर बारा नंबर जाईल आणि अश्विनी जाईल. ह्या दोघांचाच तर मला मत्सर होता. आयतीच दोघांची वाट लागत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

रविवारी सकाळी राहवलं नाही, गेले. जिवाणूंना रविवार नसतो म्हणून मॅडम रविवारीही असतात. टेबलावर बारा नंबरच्या सगळ्या नळ्या ओळीनं मांडल्या होत्या आणि कुकरात पाणी भरलेलं होतं. मला बघून त्या म्हणाल्या, उद्या साहेबाचा माणूस येऊन टाकणार, त्यापेक्षा मीच टाकते.

मी पुडा त्यांच्यासमोर ठेवला. "मॅडम, स्फुरद मीच घातलं," एवढंच बोलता आलं.

त्यांनी पुडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग खुर्चीत बसल्या. मी काय काय केलं ते सांगायला लागले, डाग, अश्विनी, आंबट पाणी. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे ते बिघडले न्हाईत?"

मी म्हटलं, माझंच बिघडलं.

"ते चांगले हायत?"

चांगले आहेत, म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही माझा जळफळाट झाला. मी नोकरीवर पाणी सोडून उभी, आणि बाई विचारते किड्यांची खुशाली.

मग मॅडम उठल्या आणि कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणातून, वर्तमानपत्राआडून, एक छोटी टोपली काढली. तीत पाच-सहा नळ्या. दाट, मलईसारखी वाढ. बारा नंबरच होता तो. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, की महिन्याभरापासून त्या यांना चोरून आयतं घालत होत्या. विरघळलेलं स्फुरद, साखर, सगळं. बावीस वर्षं उपाशी ठेवून राबवून घेतलं, आता आपण चाललो, तर जायच्या आधी एकदा तरी पोटभर जेवू देत म्हणून.

"मला वाटलं, माझ्या लाडानंच त्यांचं आम्ल आटलं," मॅडम म्हणाल्या. "कुणाला सांगायची लाज वाटली गं."

आठवडाभर त्या मनात स्वतःलाच फटके मारत होत्या. अश्विनीला नाही, मला नाही. मला एकदम दिसलं, की ही बाई रोज साऱ्या जगाला वाढते, आणि हिला लाड करावेसे वाटले तर ते चोरून, वर्तमानपत्राआड, काचेच्या नळीतल्या जीवाचेच करावे लागतात. मी खाली बसून रडले. मॅडमनी मला रडू दिलं आणि कुकरातलं पाणी ओतून दिलं.

सोमवारी मॅनेजर साहेब आले तेव्हा मी सांगायला पुढे झाले. मॅडमनी मला चंबू आणायला आतल्या खोलीत पाठवलं. दाराआडून ऐकलं मी. काच धुण्याची पद्धत त्यांनीच बदलायला सांगितली होती, चूक त्यांची, पोरीचा संबंध नाही, चार दिवस द्या, असं त्यांनी सांगितलं. निवृत्त होणाऱ्या बाईला साहेब काय बोलणार? नोंदवहीत लिहून द्या म्हणाले. मॅडमनी लिहून दिलं.

मी सगळी काच आंबट पाण्यात घातली, बोटं झोंबली तरी. शुक्रवारी बारा नंबरच्या भोवती रुपयाएवढं खळं होतं. अश्विनीला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग डागच बरे होते की, ताई." तिच्या दाखल्यावर सही झाली.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात मॅडमनी मला ज्योतीसमोर बसवलं. जिवाणू एकाच नळीत फार दिवस राहिला तर मरतो, म्हणून महिन्याला त्याला नव्या नळीत न्यावं लागतं. तार ज्योतीत लाल करायची, निववायची, जुन्या नळीतून टिपायचं, नव्या नळीत ओढायचं. मी म्हटलं, हे अश्विनीचं काम, मी नववीतली. मॅडम म्हणाल्या, "ती पुढं जाईल, जायलाच पायजे. तू हितं हायस." त्यांनी माझं मनगट धरून शिकवलं नाही. उलट भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी बघत न्हाय, तू कर. तार नळीच्या काठाला न लागता आत गेली. झालं का, असं त्यांनी तिकडेच तोंड ठेवून विचारलं. झालं, म्हटलं. तरी त्या लगेच वळल्या नाहीत.

आता त्या अक्कलकोटला एकट्या राहतात. दर महिन्याला फोन करतात. 'ते कसे हायत' विचारतात. मी कशी आहे ते विचारत नाहीत, आणि मला अजून राग येतो.

नोंदवहीत मॅडमच्या अक्षरातली शेवटची ओळ अशी आहे: 'काच धुण्याच्या पद्धतीत माझ्या सूचनेवरून बदल झाला, त्यामुळे आम्लनिर्मिती थांबली.' खाली सही. बावीस वर्षांच्या वहीत त्यांच्या नावावर ही एकच चूक, आणि ती माझी. साहेब अजून तेच आहेत. आज मी खरं लिहिलं तर मला काढतील, आणि मग महिन्याला तार लाल कोण करणार, म्हणून गप्प आहे. पण कधीतरी, बारा नंबरला सांभाळणारं दुसरं कुणी माझ्या हाताखाली तयार झालं, की त्या ओळीच्या खाली मी माझ्या अक्षरात लिहीन, की हे मी केलं होतं. पुरं नाव लिहीन. आणि ती वही घेऊन अक्कलकोटला जाऊन मॅडमना वाचायला देईन.